डब्बा गप्प झाला की

शालिकराम गिऱ्हेपुंजे यांना फोन वाजलेला आवडत नाही. त्यांचं म्हणणं असं, की चांगली बातमी सांगायला माणूस घरी येतो, चहा पितो. फोन करतो तो फक्त डोक्याला ताप द्यायला. अशा या माणसाच्या नशिबी भूमिका मोहतुरे आली. दिवसातून कितीदातरी फोन करायला लावणारी पोरगी. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिला तोंडावर भैताड, म्हणजे वेडपट, म्हटलं होतं. आणि आज तिचं नाव निघालं की हेच शालिकराम टोपी नीट करून बसतात आणि समोरच्याला दुसरं काही बोलू देत नाहीत.

रामटेकच्या अलीकडं, गड दिसतो अशा वावरात त्यांची कोंबड्यांची शेड आहे. बंद शेड म्हणतात तिला. चारही बाजूंनी पडदे, एका टोकाला पाणी झिरपणाऱ्या जाळ्या आणि दुसऱ्या टोकाला माणसाएवढे पंखे. पंखे आतली हवा बाहेर ओढतात आणि ओल्या जाळ्यांतून गार हवा आत येते. आपल्या घरचा कूलर असतो तसंच सगळं, फक्त इथं कूलरच्या आत राहायचं. थंडीपावसात काही भ्या नाही. पण मे महिना, त्यात नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला, आणि पंखे बंद पडले, तर माणूस जेवून हात धुवेपर्यंत आख्खी शेड आडवी होते. विकायला तयार झालेली भरली पाखरं सगळ्यात आधी जातात.

बायको वारल्यावर शालिकरामांनी धानाचं वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकलं आणि शेडीशेजारी खोली बांधून तिथंच राहायला गेले. लेकी लग्न होऊन दूर. दिवसभर पाखरं आणि कामाला येणारी प्रयागबाई, एवढाच त्यांचा गोतावळा. पाखरांचा आवाज बदलला की त्यांची झोप मोडायची, इतका जीव त्यात अडकलेला.

वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो. तोही नाही झाला तर मालकाला कळवायला शेडीत अलार्मचा डब्बा असतो. शालिकरामांनी एका कंपनीचा भारीतला डब्बा बसवला होता. मोबाइलवर हिरवा ठिपका दिसला की सगळं ठीक, लाल झाला की पळा. एका उन्हाळ्यात ते रामटेकच्या बाजारात निवांत पोहे खात बसले होते. ठिपका हिरवा. परत आले तर पंखे बंद आणि शेडीत निम्मी पाखरं मरून पडलेली. त्यांनी खिशातून मोबाइल काढून पाहिला. ठिपका तेव्हाही हिरवाच होता. कंपनीच्या माणसानं सांगितलं, आमच्याकडं तुमची शेड ऑनलाइन दिसत होती. शालिकराम त्या दिवशी पाखरं पुरताना रडले, हे प्रयागबाईनं पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर कोणीतरी भूमिकाचं नाव सुचवलं. नागपूरला लागून असलेल्या वाडीतून स्कूटीवर आली, डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं बांधलेलं. शालिकरामांना वाटलं होतं कोणी मोठा इंजिनिअर येईल. ही सडपातळ पोट्टी डब्बा उघडून, लॅपटॉप जोडून अर्धा तास गप्प बसली आणि मग म्हणाली, “काका, याची लाइन पंखे बंद व्हायच्या गंज आधी, कितीतरी आधी, तुटली होती. डब्ब्याले माहीत नाई, कंपनीच्या ऑफिसले माहीत नाई.”

“तुटली तं सांगायचं नं त्यानं.”

“कोनाले सांगन? सांगायची लाइनच तुटली नं.”

शालिकरामांना राग आला. आपल्याला वेडं समजते काय ही. पण भूमिकाची एक सवय आहे, समोरच्याला समजल्याशिवाय ती उठत नाही. तिनं विचारलं, “तुमचे व्याही फोनवर लांबलचक बोलतेत का?”

“त्याईचं नाव नको काढू.”

“ते बोलून राहिले, तुम्ही हौ-हौ म्हनून राहिले. मधातच फोन कटला. त्याईले कसं समजन?”

“माहं हौ ऐकू नाई आलं तं समजन.”

“झालं. डब्ब्याचंही तेच हाये. पंखे नीट असले की तो काही बोलत नाई. मधात मोबाइलवाल्याईची मशीन असते. ते पाह्यते, हे दोघं गंज वेळचे गप्प हायेत, आणि लाइन काढून टाकते. सांगत कोनालेच नाई. मंग इकडे डब्बा बसला, तिकडे ऑफिस बसलं, दोघाईलेही वाटते समोरचा हाये.”

यावर उपाय प्रत्येक यंत्रात आधीपासून असतो, हे तिनं त्यांना सांगितलं. कीपअलाइव्ह म्हणतात त्याला. काही काम नसलं तरी मधूनमधून विचारायचं, हाय का? समोरून उत्तर आलं, हाय, की पुन्हा गप्प. काही वेळा विचारूनही उत्तर नाही आलं, की लाइन मेली असं समजायचं आणि नव्यानं जोडायची. पण यंत्रं बनवणाऱ्यांनी हा आकडा ठेवलाय दोन तास. मोठ्या ऑफिसातल्या, पक्क्या तारांनी जोडलेल्या मशिनींचा हिशेब. कंपनीनं शालिकरामांच्या डब्ब्यात तो तसाच राहू दिला होता.

“दोन तासानं इचारते? हाय का म्हनून?” शालिकराम म्हणाले. “दोन तासात तं सारं गाव मयतीले जाऊन येते.”

भूमिका हसली. तिनं नवा डब्बा बसवला आणि आकडा अर्ध्या मिनिटावर आणला. तीनदा विचारून उत्तर आलं नाही, की मालकाला फोन. कंपनीच्या डब्ब्यात काही बिघडलं की दिवा लागायचा. भूमिकाकडं उलट. वाडीत गोदामाच्या वरच्या मजल्यावर आईबरोबर ती भाड्यानं राहते. त्या खोलीच्या भिंतीवर दिवाळीची लायटिंग असते तशी दिव्यांची माळ आहे. एकेका शेडीचा एकेक दिवा, खाली चिठ्ठी चिकटवलेली. शेडीकडून ‘हाय’ येत राहिलं तरच तो दिवा पेटता राहतो. ‘हाय’ थांबलं की विझतो. ती म्हणते, लागायच्या दिव्याचा भरवसा नाही, लागायच्या वेळी तोच बिघडलेला असला तर? विझायला मात्र काही लागत नाही.

मग सुरू झाला शालिकरामांचा छळ. गावाकडचं नेटवर्क, दिवसातून चारदा जाणार. गेलं की फोन. ते न्हाव्यासमोर मान वाकवून बसलेले, फोन. हरिपाठाला टाळ हातात, फोन. लाइन आपोआप जोडली गेली तरी ही पोट्टी खात्री करायला प्रयागबाईलाही फोन करणार. प्रयागबाईकडं साधा बटनांचा फोन, आणि त्यात डब्ब्याच्या सिमपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम भूमिकानंच घ्यायला लावलेलं, म्हणजे एक गेलं तर दुसरं राहील. प्रयागबाईनं स्वतःची रीत काढली होती. भूमिकानं “मावशी, पंखे?” एवढं म्हणायचं अवकाश, की ती काही न बोलता फोन शेडीकडं करून हात लांब धरायची. तिकडं वाडीत भूमिका पंख्यांची घरघर ऐकायची आणि म्हणायची, “ठेवते.”

शालिकरामांनी एकदा तिला चांगलंच झापलं. “काही झालं तं सांग. काही नाई झालं तं कायले सांगतं वं?”

“काका, झालं का नाई झालं, हे मले माहीत नाई, हेच सांगून राहिली मी.”

“भैताड हायेस तू.”

“हौ,” ती म्हणाली. “पन आकडा नाई बदलवनार.”

वर्षभर असं चाललं. मग आली त्यांच्या भाचीची लग्नतिथी. नागपुरात महाल भागातला हॉल, ऐन नवतप्यातला दुपारचा मुहूर्त. मामाच तो, मुलीला मांडवात आणायचं काम त्याचं, त्याच्याशिवाय पान हलत नाही. शेडीत पाखरं भरत आलेली, दोनचार दिवसांत गाडी येऊन नेणार. शालिकरामांचा जीव तिकडं, पाय इकडं. बहिणीनं आधीच बजावलं होतं, “दादा, मांडवात तुया फोन वाजला तं पाह्य.”

भाचा ऋषिकेश नागपुरात कॉम्प्युटरच्या नोकरीला. शालिकरामांनी सकाळीच त्याच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाले, याचं तोंड दिवसभरासाठी बंद कर. भूमिकानं ॲपमध्ये मालकांसाठी एक सोय ठेवली होती: डब्बा किती वेळ गप्प राहिला तर मला फोन यावा. ऋषिकेशनं तो आकडा पाहिला आणि हसला. “मामा, एवढा कमी कोनी ठेवते का? दोन तास हा नॉर्मल आकडा हाये. सारं जग हाच ठेवते.” आणि त्यानं तो दोन तास करून दिला.

आता बघा, हेच दोन तास ज्यांच्या शेडीत पाखरं मारून गेले होते, त्याच माणसानं मान डोलावली. का, तर भाचा शिकलेला, सूट घातलेला, आणि लग्नघरात सगळ्यालाच सगळं बरं वाटतं.

दुपारी मंगलाष्टकांची तयारी झाली. शालिकराम भाचीचा हात धरून बाहेर यायला आणि खिशात फोन थरथरायला एकच गाठ. डब्ब्याचा फोन नव्हता, तो तर दोन तास गप्प बसवलेला. नाव होतं ‘भूमिका डब्बेवाली’. बहीण समोरून डोळे वटारून पाहत होती. शालिकरामांनी फोन कापला. पुन्हा वाजला. मग त्यांनी तो बंदच करून टाकला, आणि भाचीला पाटावर उभं केलं. त्यांना स्वतःला तेव्हा फार हलकं वाटलं होतं, हे ते अजूनही सांगतात आणि सांगताना कपाळावर हात मारतात.

शेडीवर काय झालं, ते त्यांना मागून प्रयागबाईच्या तोंडून कळलं. कोरडं वावधान सुटलं होतं. धूळ, पाला, पाऊस एक थेंब नाही. वीज गेली. डब्ब्याच्या सिमचा टॉवरही गेला. जनरेटर एकदा खोकला आणि बसला, बॅटरीच मेलेली. डब्ब्यानं ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं असेल, पण लाइन कुठं होती? प्रयागबाई जेवून शेडीमागच्या लिंबाखाली कलंडली होती. वाऱ्याच्या आवाजात पंखे बंद झालेले तिला समजले नाहीत.

वाडीत दिवा विझला. मालकांनी आपल्या ॲपमध्ये काहीही आकडा टाकू दे, भिंतीवरची माळ भूमिकाच्याच आकड्यावर चालते. तिनं शालिकरामांना लावला, त्यांनी कापला. मग प्रयागबाईला लावला. “मावशी, पंखे?”

प्रयागबाईनं डोळे न उघडताच सवयीनं हात लांब केला.

तिकडून भूमिका म्हणाली, “मावशी, घरघर नाई ऐकू येऊन राहिली. उठ.”

प्रयागबाई धडपडत शेडीकडं पळाली. दार उघडलं तर आतून भट्टीसारखा वाफारा. पाखरं चोच उघडून, पंख पसरून धापा टाकत होती. ती सत्तरीची बाई मटकन खालीच बसली. पण कानात ती पोरगी बोलतच होती. रडू नको, आधी चरखी फिरव, दोन्हीकडचे पडदे खाली सोड. सोडले. वावधानाचा वारा आत घुसला. ज्यानं वीज नेली त्याच वाऱ्यानं हवा आणली. दारं उघडी टाक. टाकली. आता पाखरांमधून हळूहळू चाल, बसलेल्याले पायानं उठव, त्याच्या आंगाखाली गर्मी दाटते. प्रयागबाईनं फोन पदरात कानाशी घट्ट बांधला आणि चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागं. आणि तेवढ्या वेळात भूमिकानं फोन ठेवला नाही. आईच्या फोनवरून शेजारच्या वावरातल्या चंपतरावांना ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला सांगत होती, आणि या फोनवर दर दोनचार श्वासांनी विचारत होती, “मावशी, हाय का?”

“हाव वं. हाय.”

“हाय का?”

“हाय.”

प्रयागबाई म्हणते, एकटी असते तर हातपाय गळून तिथंच बसले असते. कोणी विचारत होतं म्हणून चालत राहिले.

चंपतराव बॅटरी घेऊन आले, जनरेटर लागला, पंखे फिरले. प्रयागबाईनं न सांगता हात लांब करून फोन पंख्यांकडं धरला.

हॉलमध्ये जेवणं चालू होती. शालिकराम व्याह्यांना वाढायला उभे होते, तेव्हा दारातून भूमिका आत आली. पत्रिका तिलाही दिलेली होती. घामानं निथळत होती, ओढणी गळ्यात, पायात घरातल्या चपला. शालिकरामांना तिला पाहून खरंच आनंद झाला. “ये वं. आज तुया डब्बा गप्प केला म्या. कसं शांत-शांत वाटून राहिलं. बस, जेवून घे.”

“काका,” ती म्हणाली, “पाखरं जित्ती हायेत. थोडी गेली, बाकी सारी जित्ती हायेत. आता बसून ऐका.”

ती सांगत गेली आणि शालिकरामांच्या हातातलं भातवाढणं तसंच राहिलं. सांगून झाल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि भर पंगतीत रडायला लागले. वाढणं थांबलं म्हणून व्याही वर बघत होते. ऋषिकेश गाडीची किल्ली घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, “मामा, माही चूक हाये. चला, मी सोडतो.” भूमिकानं त्याला एका शब्दानंही टोचलं नाही. म्हणाली, “सारे तोच आकडा ठेवतेत. तुमाले कोनी सांगतलंच नाई.”

गाडीत मागं दोघं बसले. रामटेकचा रस्ता लागल्यावर शालिकरामांनी विचारलं, “पोरी, तू आपल्या माळेपाशीच होती. सुट्टीच्या दिवशीही. तुले कंटाळा नाई येत? हाय का, हाय का करत बसाचा?”

भूमिका खिडकीबाहेर पाहत बोलली. तिचे बाबा, रुपराव, वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर होते. तेव्हा ती शाळेत होती. बाबा लांबच्या गाडीवर गेले की आई म्हणायची, फोन नाही आला म्हणजे बरे असतील. काही झालं तर कोणी ना कोणी कळवेलच. त्या खेपेलाही फोन आला नाही. घरात सगळे मजेत. भूमिकाचा वाढदिवस मधात आला, केक कापला, बाबांसाठी तुकडा ठेवला. “आणि बाबा,” ती म्हणाली, “एका ढाब्यामागं गाडी लावून कॅबिनमधे झोपलेले होते. छातीत कळ आली असन. लोकाईले वाटलं, ड्रायव्हर झोपला हाये. आम्हाले वाटलं, गाडी चालवून राहिले. कोनाचंच काही चुकलं नाई, काका. फक्त कोनी इचारलं नाई.”

पुढं पॉलिटेक्निक करून तिनं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रकांचे ठिपके बघायची नोकरी धरली. तिथं तिला कळलं, की नकाशावर उभा असलेला ठिपका कधीकधी उभा नसतोच. मधली लाइन मेलेली असते आणि पडद्यावर जुनंच चित्र चिकटून राहिलेलं असतं. तिथून हे डब्ब्यांचं वेड.

मनसरचा चौक मागं पडल्यावर शालिकराम म्हणाले, “माह्याही खोलीत मी एकटाच राह्यतो वं.”

“मले माहीत हाये.”

“मी काही तुया डब्बा आंगाले बांधनार नाई. पन सकाळी चहा झाला का एक घंटी देत जाईन. तू उचलू नको. नुसती वाजू दे.”

भूमिका हो म्हणाली. त्या माळेत एक दिवा वाढला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, धान कापून झालं. शालिकरामांची घंटी एकदाही चुकली नाही. मग थंडीतल्या एका सकाळी धुकं इतकं होतं की गड दिसत नव्हता. शालिकरामांना अंथरुणातून उठावंसं वाटेना, अंगात कणकण होती. मोबाइल रात्री चार्जिंगला लावायचा राहून गेलेला. ते गोधडी डोक्यावर घेऊन पडून राहिले, चहाही केला नाही.

दारावर थापा पडल्या. ते उठायच्या आधीच प्रयागबाईनं दार ढकललं. गावातून पळत आली होती, तोंडातून वाफ निघत होती, बोलायला दम नव्हता. ती समोर आली आणि हातातला फोन लांब करून शालिकरामांच्या तोंडासमोर धरला. जसा ती पंख्यांसमोर धरायची तसाच.

फोनमधून काही आवाज येत नव्हता. पलीकडं कोणीतरी श्वास धरून ऐकत होतं.

शालिकराम गोधडी बाजूला करून उठून बसले. “हौ वं,” ते म्हणाले. “जित्ता हावो.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि भूमिका म्हणाली, “बरं. ठेवते, काका.”

“ठेवू नको,” शालिकराम म्हणाले. “बोल थोडी.”